पुस्तक खरे की जीभ खरी?

गोष्ट सातवीच्या वर्गातली आहे. एका मुलीने शाळेच्या ग्रंथालयातून विज्ञानाचे एक पुस्तक घरी नेले होते. त्यात जिभेचा नकाशा होता. शेंड्याला गोड, कडांना खारट आणि आंबट, मुळाशी कडू. आपल्यापैकी बहुतेकांनी हा नकाशा कधी ना कधी काढलेला असेल. तिने मिठाचा खडा जिभेच्या शेंड्यावर ठेवून पाहिला, तर तो तिथेच खारट लागला. मग कारल्याचा तुकडा लावून पाहिला. तोही शेंड्यालाच कडू लागला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझी जीभ बिघडली आहे का?"

मी तिला काय उत्तर दिले ते सांगायला आज संकोच वाटतो. "पुस्तकात दिले आहे म्हणजे बरोबरच असणार. तू पुन्हा नीट करून बघ," असे मी म्हणाले. तो नकाशा मी स्वतः पाठ केला होता, पण करून कधीच पाहिला नव्हता. मुलीने मान हलवली आणि ती गेली. पुस्तकही तिने दुसऱ्याच दिवशी परत केले.

खरी गोष्ट अशी आहे. १९०१ साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांची चवीची संवेदनक्षमता मोजली. त्याला भागाभागांत थोडासा फरक आढळला. पुढे १९४२ साली बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या ग्रंथात ते आकडे अशा तऱ्हेच्या आलेखात मांडले गेले, की थोडा फरक वाचणाऱ्याला फार मोठा वाटावा. त्यातून 'इथे फक्त गोड, तिथे फक्त कडू' असा नकाशा रूढ झाला. १९७४ साली व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजमाप केले, तेव्हा फरक अगदी किरकोळ निघाला. रुचिकलिका जिथे जिथे आहेत तिथे तिथे सगळ्याच चवी कळतात. म्हणजे मुलीची जीभ बरोबर होती. चूक पुस्तकाची होती आणि माझीही.

पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी पुस्तके निवडताना तेव्हापासून मी एकच प्रश्न समोर ठेवते: हे पुस्तक मुलाला स्वतःच्या डोळ्यांवर, हातांवर, जिभेवर भरवसा ठेवायला शिकवील, की तो भरवसा काढून घेईल?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे सांगितले आहे. राज्यात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनही साजरा होतो. पण कपाटात काय असावे हे कायदा ठरवीत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते, आणि अनेकदा आपण ते ठरवत नाही. पुस्तकांचा गठ्ठा येतो, दाखलपुस्तकात नोंदी होतात, कपाटाला कुलूप लागते. म्हणून विज्ञान-पुस्तकांचे जे प्रकार आपल्या कपाटांत नेहमी दिसतात, ते एकेक करून तपासू.

पहिला प्रकार 'तुम्हांला माहीत आहे का?' छापाचा. सर्वांत जास्त खपणारा आणि बक्षीस समारंभात हमखास दिला जाणारा. त्यात आकडे असतात, उच्चांक असतात, चमत्कारिक माहिती असते. मुले ती आवडीने वाचतात, याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की यात एकाही विधानापाशी 'हे कसे कळले?' याचे उत्तर नसते. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, ही निखालस चुकीची विधाने अशाच पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. भिंत कित्येक मैल लांब असली तरी रुंदीला काही मीटरच आहे आणि चंद्र पावणेचार लाख किलोमीटरांहून दूर आहे. एवढा विचार सातवीतला मुलगा सहज करू शकतो. पुस्तक त्याला तो करायला सांगत नाही, हा त्याचा खरा दोष.

जुन्या पुस्तकांबद्दल मात्र एक सावधगिरी. ज्यात ग्रह नऊ आहेत ते पुस्तक रद्दीत घालावे, असे मी म्हणणार नाही. प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली ती २००६ साली. १९९० पर्यंत शनीचे १८ चंद्र माहीत होते. मार्च २०२५ मध्ये ही संख्या २७४ झाली. जुने पुस्तक आणि नवे पुस्तक शेजारी ठेवून 'आकडा का बदलला?' असे विचारले, तर तो एक उत्तम तास होतो. पण त्यासाठी पुस्तकावर प्रकाशनाचे वर्ष हवे. ज्या माहितीपुस्तकावर वर्षच छापलेले नाही, ते विकत घेऊ नये.

दुसरा प्रकार प्रयोगांच्या पुस्तकांचा. इथे तरी मुले हाताने करून पाहतात, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण एक उदाहरण पाहा. बशीत पाणी घ्या, त्यात मेणबत्ती उभी करून पेटवा, वर पेला पालथा घाला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते. कित्येक पुस्तके लगेच सांगतात: हवेचा एक पंचमांश भाग ऑक्सिजन असतो, तो जळून गेला, म्हणून पाणी तेवढे चढले. हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पेला तोच, म्हणजे ऑक्सिजन तेवढाच. तरीही पाणी जास्त चढते. नीट पाहिले तर पेला घालताना काठाखालून बुडबुडे बाहेर पडताना दिसतात आणि पाण्याची मोठी चढ ज्योत विझल्यानंतर होते. ज्योतीने तापून हवा प्रसरण पावली, काही बाहेर गेली, उरलेली थंड होऊन आकुंचन पावली, हे मुख्य कारण. शिवाय सगळा ऑक्सिजन संपण्याआधीच मेणबत्ती विझते.

प्रयोग तोच, साहित्य तेच. पण चांगले पुस्तक इथे थांबून विचारील, 'मेणबत्त्या वाढवल्या तर काय होईल?' वाईट पुस्तक उत्तर देऊन पुढच्या पानावर जाईल. म्हणून प्रयोगाचे पुस्तक घेताना मी त्यातला एक प्रयोग शाळेत मिळणाऱ्या वस्तूंनी स्वतः करून पाहते. आणि स्पष्टीकरणाआधी मुलाला विचार करायला जागा ठेवली आहे का, हे बघते.

तिसरा प्रकार चरित्रांचा. जगदीशचंद्र बोसांविषयी 'वनस्पतींना जीव असतो हा शोध त्यांनी लावला' असे वाक्य आपल्याकडे सर्रास छापले जाते. झाड सजीव आहे हे शेतकऱ्याला बोसांच्या कितीतरी आधी ठाऊक होते. बोसांचे मोठेपण याहून वेगळे आहे. वनस्पती उद्दीपनांना कसा प्रतिसाद देतात, हे मोजण्यासाठी त्यांनी क्रेस्कोग्राफसारखी अत्यंत नाजूक उपकरणे तयार केली. वरचे वाक्य त्यांना मोठे करीत नाही. त्यांचे खरे काम ते झाकून टाकते.

वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आले आणि आजही आपल्या मुलांच्या हातांत आहे. ते आनंदाने द्यावे. गुलामीत जन्मलेला एक पोर मातीचा अभ्यासक होतो, ही कथा बारा वर्षांच्या मुलाला जे बळ देते ते कुठल्याही माहितीपुस्तकात नाही. फक्त शिक्षकाने दोन गोष्टी जोडाव्यात. एक म्हणजे, कार्व्हरने पीनट बटरचा शोध लावला असे जगभर सांगितले जाते, ते खरे नाही. शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट मार्सेलस एडसनने १८८४ सालीच घेतले होते. कार्व्हरने १९१६ साली भुईमुगाच्या लागवडीवर आणि त्याच्या १०५ पाककृतींवर जी पुस्तिका काढली, ती गरीब शेतकऱ्यांसाठी होती. त्यात मोठेपणा नाही का? दुसरी गोष्ट म्हणजे, कापसाने खंगलेल्या जमिनीत भुईमूग का लावायचा, हे झाड उपटून दाखवावे. मुळांवरच्या गाठी ब्लेडने कापल्या तर जिवंत गाठ आतून गुलाबी दिसते. त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात. पुस्तक आणि शिवार यांची अशी गाठ पडली की चरित्र मुलाच्या लक्षात राहते.

चौथा प्रकार विज्ञानकथांचा. इथे काही शिक्षक उलट टोकाला जातात: 'त्यात विज्ञान चुकीचे असते, नको.' भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, त्याची चंद्रावरची स्वारी घ्या. १८६५ सालच्या या कादंबरीत ९०० फूट लांबीच्या तोफेतून गोळा उडतो आणि त्यात माणसे बसलेली असतात. वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी गतीचे समीकरण वापरून पाहावे. २७४ मीटर अंतरात एवढा वेग गाठायचा तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२ हजार पट येते. ४० किलो वजनाच्या मुलावर ८८० टनांचा भार! प्रवासी क्षणार्धात चिरडले जातील. पुढच्या भागात प्रवाशांना वजनरहित अवस्था फक्त पृथ्वी-चंद्रामधल्या एका बिंदूपाशी अनुभवाला येते. तेही चूक. तोफेतून सुटून हवेच्या थराबाहेर पडल्यापासून सगळा प्रवासच वजनरहित असायला हवा.

मग हे पुस्तक देऊ नये का? अवश्य द्यावे. रशियन लेखक याकोव पेरेलमान यांनी १९१३ साली प्रथम निघालेल्या आपल्या रंजक भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत व्हर्नची अशीच गणिते मांडून वाचकांना भौतिकशास्त्राची गोडी लावली. व्हर्न लांबी सांगतो, वेग सांगतो, म्हणूनच त्याची चूक पकडता येते. पकडता येणारी चूक मुलाला शहाणे करते. जिभेच्या नकाशातली चूक अधिकाराच्या आवाजात सांगितलेली असते. ती मुलाला गप्प करते. या दोन चुकांना एकाच मापाने मोजू नये.

आता एका मुलाची गोष्ट. लंडनमधल्या एका लोहाराचा हा मुलगा १८०५ साली, चौदाव्या वर्षी, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचीत असे. त्यात जेन मार्सेट बाईंचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक त्याच्या हाती आले. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्यातला संवाद असे त्याचे स्वरूप होते. त्या मुलाने पुस्तकातली विधाने परवडतील तेवढ्या साध्या प्रयोगांनी तपासून पाहिली आणि ती खरी निघाली. हा मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे. १८५८ साली, जगप्रसिद्ध झाल्यावर, एका पत्रात त्याने या पुस्तकाचे ऋण मान्य केले. आपण त्यावर भरवसा ठेवला तो पडताळून पाहिल्यावर, हे त्याने आवर्जून नोंदवले. पुढे त्याच फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात मुलांसमोर एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. ती आजही पुस्तकरूपाने वाचली जातात.

मार्सेट बाईंच्या पुस्तकात रंगीत चित्रे आणि उच्चांक असते, पण पडताळण्याजोगे काही नसते, तर? फॅरडे तरीही वाचत राहिला असता कदाचित, पण पुस्तकावर विश्वास का ठेवायचा, हे त्या पुस्तकातून तो शिकला नसता.

पुस्तक खरेदीच्या वेळी आपल्याला फार वेळ नसतो. तरी दहा मिनिटांत एवढे करता येते. आपल्याला चांगला ठाऊक असलेला एक विषय उघडून वाचावा, उदाहरणार्थ ऋतू कसे होतात. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, असे लिहिले असेल तर पुस्तक खाली ठेवावे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या थंडीत. मग 'हे कसे कळले' याचे उत्तर निदान एका पानावर तरी आहे का, ते शोधावे. प्रकाशनाचे वर्ष पाहावे. आणि शेवटी एक परिच्छेद सहावीतल्या मुलाला मोठ्याने वाचायला लावावा. तो कुठे अडखळतो, तिथे भाषांतरकाराने घाई केली आहे असे समजावे.

त्या मुलीचे पुढे काय झाले? खरी माहिती मला कळली तेव्हा ती आठवीत गेली होती. मी तिला वर्गाबाहेर बोलावून सांगितले, "तुझी जीभ बरोबर होती. चूक माझी झाली." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग बाई, ते पुस्तक अजून कपाटातच आहे?"

प्रश्न रास्त होता. आम्ही दोघींनी ते पुस्तक काढले आणि नकाशाच्या पानावर तिच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली: 'हे करून पाहिले. तसे आढळले नाही. तुम्हीही करून पाहा.' आता आमच्या कपाटातल्या प्रत्येक विज्ञान-पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवलेला असतो. मुलांनी काय पडताळले, काय जुळले, काय जुळले नाही, ते त्यावर लिहायचे. काही कागद अजून कोरेच आहेत. पुढच्या वर्षी कोणती पुस्तके घ्यायची आणि कोणत्या तऱ्हेची टाळायची, हे ठरवताना मला यादीपेक्षा त्या कागदांचाच अधिक उपयोग होतो.