आंतरराष्ट्रीय पदविकेचे अध्ययन-नियोजन आणि मराठीची जागा

१

विद्यापीठपूर्व शिक्षणाच्या ज्या आंतरराष्ट्रीय योजना आज महाराष्ट्रात प्रचारात आहेत, त्यांत आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट या संस्थेची द्विवार्षिक पदविका अग्रगण्य होय. ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झाली. भारतात या योजनेचा प्रवेश १९७६ मध्ये कोडाईकनाल येथील आंतरराष्ट्रीय शाळेच्या द्वारे झाला. भारतीय विश्वविद्यालय संघाने १९८३ पासून ही पदविका बारावीशी समकक्ष मानली आहे. महाराष्ट्रात मुळशी तालुक्यात १९९७ साली स्थापन झालेले महिंद्रा संयुक्त विश्व महाविद्यालय हे तिचे एक ठळक केंद्र आहे. मुंबई-पुण्याच्या अनेक खासगी शाळांतही ती शिकविली जाते.

या पदविकेविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुधा शुल्क, प्रतिष्ठा आणि परदेशगमन या तीन गोष्टींपाशी थांबते. तिच्या विषयरचनेची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे: या योजनेत विद्यार्थी आपल्या अध्ययनाचे नियोजन कसा करतो, आणि त्या नियोजनात मराठीचे काय होते? ‘या अभ्यासक्रमात मराठीला जागाच नाही’ असा एक समज रूढ आहे. आमच्या मते तो चुकीचा आहे. जागा आहे, ती रिकामी ठेवली जाते. मात्र जी जागा आहे तिच्या स्वरूपातही काही दोष आहेत, आणि त्यांचाही विचार केला पाहिजे.

२

प्रथम रचना पाहू. विद्यार्थ्याने सहा विषय घ्यावयाचे असतात. पहिला गट भाषा व वाङ्मय यांचा, दुसरा भाषासंपादनाचा, तिसरा मानव्य व सामाजिक विद्यांचा, चौथा विज्ञानांचा, पाचवा गणिताचा आणि सहावा कलांचा. कलेऐवजी पहिल्या चार गटांतील आणखी एक विषय घेण्यास मुभा आहे. सहांपैकी साधारणतः तीन विषय उच्च स्तरावर व तीन सामान्य स्तरावर घेतले जातात. उच्च स्तरास २४० तास व सामान्य स्तरास १५० तास अध्यापन अपेक्षित असते. म्हणजे एकूण ११७० तास. याखेरीज ज्ञानमीमांसा, चार हजार शब्दांपर्यंतचा विस्तृत निबंध आणि सर्जन-क्रिया-सेवा असा तीन अंगांचा गाभा सर्वांना अनिवार्य आहे. प्रत्येक विषयास ७ गुण व गाभ्यास ३, असे एकूण ४५ गुण होतात. पदविकेसाठी किमान २४ गुण लागतात, व अन्य काही अटीही पाळाव्या लागतात.

नियोजनाची प्रचलित रीत अशी की, विद्यार्थी अखेरच्या टोकापासून मागे येतो. अभियांत्रिकी हवी, म्हणून भौतिकी, रसायन व गणित निश्चित होतात. सामाजिक विद्यांचा एक विषय हवा, म्हणून बहुधा अर्थशास्त्र येते. शाळेचे माध्यम इंग्रजी, म्हणून पहिल्या गटात इंग्रजी वाङ्मय येते. उरतो दुसरा गट. तेथे ‘गुण सहज मिळतात’ या कारणाने फ्रेंच किंवा स्पॅनिश प्रारंभापासून शिकण्याचा पर्याय स्वीकारला जातो. सहाव्या, म्हणजे कलांच्या, जागेवर दुसरे विज्ञान बसते. यादी पूर्ण झाली. मराठीचा प्रश्न कोठे उपस्थितच झाला नाही. तो विचार करून नाकारला गेला असता, तर त्या नाकारण्याशी वाद घालता आला असता. परंतु येथे विचाराचीच वेळ येत नाही.

३

हा प्रश्न नीट कळण्यासाठी योजनेतील भाषाविषयक संज्ञा तपासल्या पाहिजेत. पहिल्या गटातील भाषेस ‘भाषा अ’ म्हणतात. विद्यार्थ्याची ज्या भाषेत विचार करण्याची व वाङ्मय वाचण्याची पात्रता सर्वांत अधिक, ती ही भाषा. दुसऱ्या गटात ‘भाषा ब’ येते. ती पूर्वी काही काळ शिकलेली असते. त्याच गटात जिचा पूर्वपरिचय नाही अशा भाषेचा प्रारंभिक अभ्यासक्रमही आहे. तो केवळ सामान्य स्तरावर मिळतो.

ही वर्गवारी वरवर पाहता निर्दोष वाटते. तिचा भार एका गृहीतकावर आहे: प्रत्येक विद्यार्थ्याच्या भाषा एका सरळ उतरंडीत मांडता येतात, आणि तिच्या शिखरावर बहुधा एकच भाषा असते. बदलापूर गावातील एखाद्या विद्यार्थ्याला हे गृहीतक लावून पाहावे. उल्हास नदीकाठच्या या जुन्या गावात घरी आगरी बोली असू शकते. तिच्यात ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, ‘मला’ऐवजी ‘मना’ येते. पाठ्यपुस्तकातील मराठी ही त्याच्यासाठी दुसरी पायरी असते. लोकलगाडीत हिंदी, शेजारच्या उल्हासनगरच्या बाजारात हिंदीबरोबर सिंधीही, आणि वर्गात इंग्रजी. फर्ग्युसनने १९५९ मध्ये ‘डायग्लोसिया’ या नावाने ज्या स्थितीचे वर्णन केले, त्या स्थितीशी या मुलाच्या मराठीचे निकटचे साम्य आहे: एकाच भाषेची दोन रूपे, एक घरातले व एक औपचारिक, आणि दोहोंची कार्यक्षेत्रे वेगळी. या मुलाची ‘भाषा अ’ कोणती? विज्ञानाचा परिच्छेद तो इंग्रजीत अधिक चांगला लिहील. आजीचा स्वभाव तो इंग्रजीत सांगू शकणार नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. उतरंडीच्या कल्पनेत त्यांपैकी एकच खरे मानता येते.

४

आता महत्त्वाचा मुद्दा. योजनेच्या नियमांतच या अडचणीवर एक उपाय आहे, आणि नियोजन करणाऱ्यांचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. दुसऱ्या गटाची अट दुसरी ‘भाषा अ’ घेऊनही पूर्ण करता येते. म्हणजे इंग्रजी आणि मराठी या दोन्ही पहिल्या गटातील वाङ्मयविषय म्हणून घेता येतात, आणि दोहोंत ३ किंवा अधिक गुण मिळाल्यास, पदविकेच्या अन्य अटी पूर्ण होत असता, द्वैभाषिक पदविका प्राप्त होते. ज्या भाषेत पुरेसे लिखित वाङ्मय आहे अशा भाषेसाठी शाळेमार्फत विशेष विनंती करता येते. ती परीक्षेच्या बरीच आधी करावी लागते. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसेल, तर शाळेच्या देखरेखीखाली स्वाध्यायाने वाङ्मयाचा अभ्यास करण्याची सोय आहे. ज्या संयुक्त विश्व महाविद्यालयांत निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी एकत्र राहतात, तेथे ही स्वाध्यायाची प्रथा सुपरिचित आहे.

अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याची यादी मग अशी होते: भौतिकी, रसायन व गणित उच्च स्तरावर, इंग्रजी वाङ्मय, मराठी वाङ्मय व अर्थशास्त्र सामान्य स्तरावर. एकही विज्ञान सोडावे लागत नाही. सहावी जागा रसायनाकडेच राहते. जागा बदलते ती केवळ प्रारंभिक फ्रेंचची. एकूण ११७० तासांपैकी मराठीकडे १५० तास येतात, म्हणजे सुमारे आठवा हिस्सा. वैद्यकाकडे जाणाऱ्याची अडचण अधिक खरी आहे. त्याला भौतिकी, रसायन व जीवशास्त्र ही तिन्ही विज्ञाने हवी असतात, आणि त्यासाठी विषयरचनेत विशेष सवलत मागावी लागते. परंतु तेथेही ओढाताण होते ती सामाजिक विद्या व विज्ञाने यांच्यात. भाषेची दुसरी जागा बहुधा अबाधित राहते. तेव्हा ‘विज्ञान की मराठी’ हे द्वंद्व मुळातच खोटे आहे. खरा पर्याय ‘प्रारंभिक फ्रेंच की मराठी वाङ्मय’ असा आहे, आणि तो याच शब्दांत पालकांपुढे ठेवला गेला पाहिजे.

५

यावर एक रास्त आक्षेप येतो. प्रारंभिक भाषेत परिश्रमी विद्यार्थ्याला उत्तम गुण मिळू शकतात. वाङ्मयाच्या स्वाध्यायात धोका अधिक. विद्यापीठे भाकित गुणांवर प्रवेश देतात. मग मातृभाषेच्या प्रेमापोटी मुलाने दोन गुण का गमवावेत? हा आक्षेप भावनेने खोडून काढता येणार नाही. सामान्य स्तरावर नऊ साहित्यकृती वाचावयाच्या असतात. त्यांपैकी किमान चार मूळ त्या भाषेतील व किमान तीन अनुवादित. तोंडी परीक्षेत एक मूळ व एक अनुवादित कृती एखाद्या व्यापक मानवी प्रश्नाच्या संदर्भात उलगडून दाखवावी लागते. इंग्रजी माध्यमात दहावीपर्यंत मराठी हा दुय्यम विषय म्हणून शिकलेल्या मुलाची एवढी तयारी असतेच असे नाही.

परंतु यातून निघणारा निष्कर्ष ‘मराठी घेऊ नये’ असा नसून ‘नियोजन अकरावीच्या उंबरठ्यावर करू नये’ असा आहे. नववीपासून वर्षाला तीन-चार पूर्ण पुस्तके वाचण्याची सवय लागली, तर नऊ कृतींचे ओझे वाटणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३), दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) यांसारख्या कृती सोळा वर्षांच्या वाचकाच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. अंतिम निवड अर्थातच संस्थेच्या नियमांशी ताडून पाहावी लागेल. शिवाय ‘बलुतं’मधील बोली समजून घेण्यासाठी बदलापूरच्या मुलाला आपली घरची भाषा लपवावी लागत नाही, तीच त्याला उपयोगी पडते. प्रमाणभाषेच्या वर्गात जी उणीव मानली गेली, ती वाङ्मयाच्या अभ्यासात साधन ठरते.

६

योजनेचे दोषही सांगितले पाहिजेत. स्वाध्यायाची सोय केवळ वाङ्मयाला आणि तीही सामान्य स्तरावरच आहे. परिणामी, ज्या भाषेचा शिक्षक शाळेने नेमला नाही ती भाषा कितीही समृद्ध असली तरी तिला उच्च स्तराचे द्वार बंद राहते. भाषेचा दर्जा येथे तिच्या वाङ्मयावरून ठरत नाही. शाळेच्या वेतनपत्रकावरून ठरतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. विस्तृत निबंध मराठी वाङ्मयावर मराठीत लिहिता येईल. परंतु अर्थशास्त्रावर किंवा जीवशास्त्रावर मराठीत लिहिता येणार नाही. म्हणजे मराठी ही कथा-कवितेची भाषा म्हणून मान्य, ज्ञानविषयांची भाषा म्हणून अमान्य. युनेस्कोने १९५३ मध्ये शिक्षणातील मातृभाषांविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याचा रोख मातृभाषेचा उपयोग शिक्षणात शक्य तितक्या पुढच्या पायरीपर्यंत व्हावा असा होता. त्या कसोटीवर ही योजना अर्ध्या वाटेवर थांबते. तथापि, अर्ध्या वाटेपर्यंतही आपण गेलेलो नाही, हे विसरून हा दोष केवळ जिनिव्हाच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

कारण आपल्या घरची स्थिती काय आहे? २०२० च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. कायद्याची हद्द दहावीला संपते, आणि पदविका अकरावीला सुरू होते. ज्या वयात मुलगा प्रौढ विचार करू लागतो, त्याच वयात मराठी त्याच्या वेळापत्रकातून निघून जाते. त्याची मराठी मग पंधराव्या वर्षाची राहते. इंग्रजी मात्र त्याच्याबरोबर वाढत जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट. पण दर्जा आणि व्यवहार यांतील अंतर पाहावयाचे असेल, तर बदलापूरहून फार दूर जावे लागत नाही. कल्याणजवळच्या निर्वासित छावणीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले; तेथे सिंधी समाज मोठ्या संख्येने वसला. १९६७ मध्ये सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. तरीही सिंधी माध्यमाच्या शाळा ओसरत गेल्या. घटनेतील स्थान भाषेला वाचविते, पण ती वर्गात शिकविली गेली तरच पुढच्या पिढीकडे जाते.

७

हाउगेनने १९५९ मध्ये नॉर्वेच्या संदर्भात ‘भाषा-नियोजन’ ही संज्ञा रूढ केली, ती राष्ट्राच्या पातळीवरील निर्णयांसाठी. पदविकेचे अध्ययन-नियोजन हे कुटुंबाच्या पातळीवरील भाषा-नियोजनच आहे. फरक एवढाच की, ते करणाऱ्यांना आपण भाषेविषयी निर्णय घेत आहोत याची जाणीव नसते.

ती जाणीव करून देण्याचे काम मराठीच्या व भाषाविज्ञानाच्या विद्यापीठीय विभागांचे आहे. आमच्या मते तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, सोळा ते अठरा वर्षांच्या वाचकासाठी नऊ कृतींच्या काही पर्यायी याद्या, प्रत्येक कृतीवरील टिपणासह, विभागाने सिद्ध कराव्यात. दुसरी, स्वाध्याय करणाऱ्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी मार्गदर्शक मिळवून द्यावेत. अध्यापनाचा असा सराव आपल्या विद्यार्थ्यांनाही उपकारकच ठरेल. तिसरी, विषयनिवडीचा विचार नववीतच, आणि पहिल्या गटापासून सुरू करावा, असे शाळांना लेखी सुचवावे. या तिन्हींसाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. पदविकेच्या तक्त्यात मराठीची एक जागा रिकामी आहे. ती भरण्यासाठी प्रथम ती रिकामी आहे हे कोणीतरी शाळेला आणि पालकांना सांगितले पाहिजे.