समोरून न दिसणारा ससाणा

मागच्या व्याख्यानात आपण पिरॅमिडांबद्दल बोललो. आज पुतळ्यांकडे वळू. प्रश्न साधा आहे: इजिप्तच्या राजांचे पुतळे घडवले कोणासाठी?

उत्तर सहसा तयार असतं. प्रजेवर दरारा बसावा म्हणून. आता कैरोच्या संग्रहालयातला खाफ्रेचा पुतळा घ्या. सुमारे ४५०० वर्षांपूर्वीचा, उंची १६८ सेंटिमीटर. ऑग्युस्त मारिएत यांना तो १८६० मध्ये गिझाला, खाफ्रेच्या मंदिरातल्या एका खड्ड्यात सापडला. सिंहासनाच्या बाजूंवर दक्षिणेची वनस्पती आणि उत्तरेचा पपायरस यांची गाठ मारलेली आहे. म्हणजे दोन्ही इजिप्त एक. डोक्यामागे ससाण्याच्या रूपातला होरस देव, पंख पसरून बसलेला. आणि गंमत अशी, की राजाच्या अगदी समोर उभं राहिलं तर हा ससाणा दिसतच नाही!

लोकांना दाखवायचं होतं, तर एवढं मोठं चिन्ह मागे का? शिवाय हे मंदिर म्हणजे काही चव्हाटा नव्हे. आम्हांला वाटतं, इथे प्रतीक हा निरोप नाही, ते काम आहे. कोणी पाहो न पाहो, होरस राजाला राखतोच. पुतळ्यावर ‘मुख उघडण्याचा’ विधी होई, आणि मूर्तिकारासाठी त्या भाषेत जो एक शब्द होता, त्याचा अर्थच ‘जिवंत करणारा’.

मग तिसऱ्या सेनुस्रेतचं काय? ब्रिटिश म्युझियममधले त्याचे पुतळे पाहा. जड पापण्या, ओढलेला चेहरा. इथे एकदाचा खरा माणूस भेटला, असं अनेकांनी म्हटलं. पण नजर जरा खाली न्या. छाती आणि दंड तरण्याताठ्या गड्याचे. कान भलतेच मोठे. चेहऱ्याला वास्तववाद म्हणायचं, तर बाकीच्या देहाला काय म्हणायचं? कान ऐकून घेणाऱ्या राजाचे, खांदे न वाकणाऱ्या राजाचे, असंच आपण वाचतो. मग चेहराही त्याच रीतीने वाचायला हवा.

दुसऱ्या रामसेसने जुन्या राजांच्या पुतळ्यांवर आपलं नाव कोरून घेतलं. कधी चेहराही थोडा बदलला. आपण याला सरळ चोरी म्हणतो. पण पुतळा राजपदाचा असेल, तर नाव बदललं की धनी बदलला.

याची किंमत आहे, ती नाकारू नये. खाफ्रे माणूस म्हणून कसा होता, हे त्या दगडातून कळत नाही. राजपद राहिलं, माणूस गेला. पुढे अखेनातेनने ही चौकट कशी वाकवली, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.