‘कोसला’तला ‘आम्ही’

‘कोसला’वर इतके लिहून झाले आहे की आणखी काही लिहिणे म्हणजे उठत आलेल्या पंगतीत पाट मागण्यासारखे आहे. तरी मागतो. १९६३ साली आलेल्या या कादंबरीची समीक्षा बहुतांशी एकाच शब्दाभोवती फिरत राहिली: एकटेपणा. पांडुरंग सांगवीकर हा तुटलेला, परका, अस्तित्ववादी नायक, असे आम्हांला वर्गात सांगितले गेले आणि आम्हीही ते परीक्षेत इमानाने लिहून आलो. परवा पुन्हा वाचताना मात्र वाटले, की ही जितकी एकट्याची तितकीच कंपूचीही कादंबरी आहे.

खानदेशातल्या खेड्यातून पुण्याच्या वसतिगृहात आलेल्या त्या पिढीच्या मुलाला कंपू म्हणजे निव्वळ मौज नव्हती. गाव सुटलेले, शहर आपले झालेले नाही. अशा वेळी कुणाच्याही खोलीत न विचारता शिरता येणे, मेसमध्ये आपल्यासाठी कोणीतरी जागा धरून ठेवणे, हाच मोठा आधार. त्याची किंमत पांडुरंग रोख मोजतो. तो वादसभेचा सेक्रेटरी होतो, वसतिगृहाचा प्रीफेक्ट होतो, गॅदरिंगचे नाटक बसवतो, मित्राला मेसचा कारभार मिळवून देतो. याला महत्त्वाकांक्षा म्हणणे मला पटत नाही. चार जणांनी आपल्याला आपला म्हणावे, एवढ्यासाठीची ही धडपड आहे. वर्षअखेरीस अभ्यास, पैसा आणि वडिलांशी असलेले नाते, तिन्ही बिघडून बसतात. परकेपणाच्या तत्त्वज्ञानात रमलेल्या समीक्षेने हा जमाखर्च फारसा तपासला नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा भाषेचा. ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’, ‘थोर’ यांना आपण नेमाड्यांची शैली म्हणतो. म्हणावे. पण वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही ठाऊक असते की असे शब्द एकट्याचे नसतात. कुणीतरी एक रात्री बोलून जातो, आठवड्यात सगळा मजला तसेच बोलू लागतो, आणि जो तसे बोलत नाही तो बाहेरचा ठरतो. पांडुरंग मित्रांना कंटाळतो, गावी परततो, तरी आपली सगळी कथा सांगतो ती याच बोलीत. त्याचा एकटेपणासुद्धा कंपूच्या भाषेत बोलतो! धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी तेवढी ही बोली अपुरी पडते, आणि म्हणूनच ती पाने आजही हलवून सोडतात.

या ‘आम्ही’च्या बाहेर कोण राहिले, हे मात्र कादंबरी फारसे विचारत नाही. बेळगावात शिकलेल्या मला ते विचारल्यावाचून राहवत नाही. १९७४ साली माझा खोलीतला जोडीदार गोकाककडचा, घरी कन्नड बोलणारा. आमच्या कंपूत राहून मराठी शिकला, इतकी की ‘वगैरे’ आमच्यापेक्षा नेमके टाकी. ‘कोसला’ची माझी प्रत आधी त्यालाच हवी असायची. १ नोव्हेंबर आला. १९५६ साली त्याच तारखेला आपण म्हैसूर राज्यात ढकलले गेलो, तो आपला काळा दिन. संध्याकाळी फेरीहून येऊन आम्ही खोलीत तावातावाने बोलत होतो. तो दारात आला आणि आम्ही सगळे गप्प झालो. कोणी त्याला काही बोलले नाही. मीही नाही. आमची मागणी न्याय्य होती, असे मी आजही मानतो. पण त्या क्षणी त्याचे सगळे ‘वगैरे’ त्याच्या उपयोगी पडले नाहीत, हेही खरे.

पुढच्या टर्मला त्याने खोली बदलली. पुस्तक मेसच्या पोऱ्याबरोबर परत पाठवले. निम्म्याच्या थोडे पुढे, खूण म्हणून घातलेले गोकाकच्या एस.टी.चे तिकीट त्यात तसेच होते.