गोंगाटाची जागा

हार्डकोर पंक म्हणजे गोंगाट, असे आपण गृहीत धरतो. पण वेगात वाजवलेली गिटार आणि ‘नॉइज’ या दोन निराळ्या गोष्टी. गिटार कितीही कर्कश केली तरी मात्रा आणि गाण्याचा आरंभ-शेवट ओळखू येतो. नॉइजला त्यांची गरजच नसते. अमेरिकेत मेरीलँडमधील ओशन सिटी या समुद्रकाठच्या गावी २००९मध्ये सुरू झालेल्या ‘फुल ऑफ हेल’ने हा पेच ओढवून घेतला. हार्डकोर, ग्राइंडकोर, डेथ मेटल एकत्र करणाऱ्या या बँडने २०१४मध्ये जपानच्या मासामी अकितांसोबत अल्बम केला. अकिता १९७९पासून ‘मेर्झबो’ या नावाने नॉइज करत आहेत. हे नाव कुर्ट श्विटर्सच्या ‘मेर्झबाऊ’वरून आले: हानोव्हरच्या घरात त्याने टाकाऊ वस्तूंसह रचत नेलेले ते अजब बांधकाम.

मुख्य अल्बमबद्दल मात्र माझी तक्रार आहे. छोट्या छोट्या गाण्यांत ड्रमचा मारा इतका दाट, की अकितांचा नॉइज फटींत कोंबलेल्या भुशासारखा होतो. काढून घेतला तरी गाणे उभे राहील. सोबतच्या ‘सिस्टर फॉन’ या डिस्कवर पारडे फिरते. तिथे एका रचनेचे नावच ‘मेर्झड्रोन’. रचना लांबतात, नॉइज पायाखालची जमीन होतो. पहिल्यांदा मी ही डिस्क पुरवणी समजून बाजूला ठेवली होती. आता मुख्य अल्बमच क्वचित लावतो. डिलन वॉकरची किंकाळी इथे गोंगाटावर स्वार होत नाही, त्यात बुडते. शब्द हरवतात, तरी घसा माणसाचा आहे एवढे कळत राहते.