मोबाइलची शिकवणी आणि मधली इंग्रजी

मोबाइल परकी भाषा शिकवतो, याचे नवल आता आमच्या हिंगोलीतही उरलेले नाही. नवल सरले म्हणजे परीक्षणाची वेळ झाली; पुस्तकाचे करतो तसे या नव्या गुरूचेही करावे.

उदाहरण मराठवाड्यातलेच घेतो. छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) जिल्ह्यातील गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतील मुले जपानी शिकत असल्याची वार्ता २०२० साली झळकली. मुलांना विचारले, तेव्हा यंत्रमानवाच्या ओढीने त्यांनी हीच भाषा मागितली. गावाला धड रस्ता नव्हता, पण इंटरनेट होते! शिक्षकांनी चित्रफिती आणि भाषांतराची ॲपे यांतून धडे जमवले. पुढे एका जाणकाराने ऑनलाइन वर्गही घेतले.

मुलांचे आणि शिक्षकांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. माझे भांडण यंत्राशी आहे. मी स्वतः काही दिवस एका ॲपवर जपानी गिरवली. उच्चार ते शंभरदा ऐकवते, चुकल्यास डोळे वटारत नाही. हा गुण मोठाच. पण समजावून सांगायची वेळ आली की ते इंग्रजीत शिरते. क्रियापद शेवटी येते, नामामागून प्रत्यय लागतो, या मोठ्या अडचणी म्हणून ते बजावते. अडचण कोणाला? इंग्रजाला! ‘वाताशी वा मिझु ओ नोमिमास’ या वाक्यात मी, पाणी, पितो हे शब्द मराठीच्याच क्रमाने बसले आहेत. कर्माचा तो ‘ओ’ आपल्या ‘ला’सारखाच नामाच्या पाठीशी उभा आहे. धाकट्याला ‘ये’ आणि गुरुजींना ‘या’ म्हणणाऱ्या पोराला जपानीतील आदराची रूपेही परकी वाटू नयेत. इंग्रजीच्या एकाच ‘यू’मधून गाळून दिली की मात्र ती चमत्कारिक होतात.

कृत्रिम बुद्धी मराठीत विचारले तर मराठीत उत्तर देते, हे खरे. परंतु हे साम्य तिने आपण होऊन मला दाखवले नाही. मी विचारताच मात्र चटकन मान्य केले. असा प्रश्न दहा वर्षांच्या पोराला कसा सुचावा? म्हणून, वाचकहो, जपानी न येणारा पण मराठी व्याकरण पक्के असलेला मास्तर त्या मोबाइलशेजारी बसलेला हवा.

आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ साली केंद्राने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. तशीच एक वेधशाळा जपानात कामिओका येथे डोंगराच्या पोटात आहे. तेव्हा औंढ्याच्या पोरांनाही उद्या जपानीचा हट्ट सुचला, तर मास्तरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर ‘मी पाणी पितो’ एवढेच लिहावे, आणि मग मोबाइल उघडावा.