बालकांचें इंग्रजी आणि आनंदाची कसोटी

पहिलीच्या क्रमिक पुस्तकास टीकेचा विषय करणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु कादंबरी न आवडल्यास वाचक ती मिटून ठेवतो. क्रमिक पुस्तकाच्या वाचकास ती मुभा नसते. म्हणूनच ज्या पुस्तकावरून लक्षावधि मराठी मुलांचा एका परक्या भाषेशीं पहिला परिचय होतो, त्याचें परीक्षण अधिक काळजीनें व्हावयास पाहिजे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असतांना २००० सालीं महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालें. त्यापूर्वीं तें पांचवीपासून असे. तेव्हांपासून ‘आनंददायी’ हा शब्द या विषयाचा जणूं कुलमंत्र झाला आहे. तो आनंद कशांत आहे आणि त्यांतून भाषा किती येते, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

मागील पिढ्यांचें इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर पोसलें. तींत गाणें नव्हतें, खेळ नव्हता. नियम, शब्द आणि भाषांतरासाठीं वाक्यें, एवढाच तिचा संसार. तथापि तिच्यांत एक गुण होता. प्रत्येक इंग्रजी वाक्यामागें मराठी वाक्य उभें असे, त्यामुळें आपण काय बोलत आहों हें विद्यार्थ्यास ठाऊक असे. हा मार्ग जाणत्या मुलास झेपे. सहा वर्षांच्या बालकास तो झेपणार नाहीं. त्या वयांत कानानें व हातापायानें शिकवावें, हें नव्या पुस्तककारांचें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. ‘ऊठ, बस, उडी मार’ अशा आज्ञांचीं कृतिगीतें हा तर या पद्धतीचा सर्वांत खरा भाग होय. तेथें भाषांतरावांचून शरीरच अर्थ सांगतें.

परंतु सर्व गाण्यांविषयीं असें म्हणतां येत नाहीं. हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव किंवा औंढा नागनाथ तालुक्यांतील एखादी शाळा डोळ्यांपुढें आणावी. जून संपत आला आहे, पाऊस लांबला आहे, सोयाबीनची पेरणी खोळंबली आहे. घरीं वडील आभाळाकडे पाहत बसले आहेत आणि वर्गांत मुलें हात हलवून पावसास ‘परत जा’ म्हणून सांगणारें प्रसिद्ध इंग्रजी गाणें म्हणत आहेत! आमचें बालगीत पावसाला पैशाचें आमिष दाखवून बोलावतें. हा स्वदेशाभिमानाचा प्रश्न नव्हे. सदा ओल्या असणाऱ्या बेटावरील मुलाच्या तोंडीं तें गाणें शोभतें, कारण त्याला खरोखरच अंगणांत खेळावयाचें असतें. आमच्या मुलाला तेथें सांगावयाचें कांहींच नसतें. तें केवळ आवाज काढतें.

त्या आवाजाचाही विचार केला पाहिजे. मराठींत प्रत्येक अक्षरास आपापलें वजन मिळतें. इंग्रजींत शब्दाच्या एखाद्याच अवयवावर आघात पडतो व बाकीचे जवळजवळ गिळले जातात. चाळीस मुलें एका सुरांत गाऊं लागलीं कीं इंग्रजी गाण्यास पाढ्यांची चाल लागते. शब्द एकमेकांत मिसळतात, आणि सबंध गाणें बिनचूक म्हणणाऱ्या मुलास ‘मला पाणी द्या’ एवढें इंग्रजींत सांगतां येत नाहीं. जपानी मुलांपुढेंही अशीच अडचण आहे, कारण त्यांची भाषा व्यंजनांच्या जोडीमध्यें स्वर घालते. त्या देशानें २०११ मध्यें पांचवी-सहावीस परभाषेचा परिचय सुरू केला. २०२० पासून तिसरी-चौथींत गाणीं, खेळ व संभाषण आणि पांचवी-सहावींत रीतसर विषय, अशी व्यवस्था आहे. पहिलीं दोन वर्षें मात्र मूल स्वभाषेंतच स्थिर होतें. आम्हीं तेवढा धीर धरला नाहीं.

या जिल्ह्यास परभाषेचें ओझें नवें नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी सत्ता संपेपर्यंत येथें माध्यमिक शिक्षण उर्दूंतून होई. भाषा हीच शाळेच्या दाराची कडी होऊं शकते, हें येथील वृद्धांस सांगावें लागत नाहीं. शिवाय बंजारा किंवा आंध कुटुंबांतील ज्या मुलांच्या घरची बोली निराळी, त्यांना शाळेची मराठीच प्रथम शिकावी लागते. इंग्रजी ही त्यांची तिसरी पायरी. अशा मुलानें ‘इस्कूल’ म्हटलें आणि वर्ग हंसला, तर त्या दिवशींचीं सारीं गाणीं व्यर्थ गेलीं. आनंदाचा खरा वैरी कंटाळा नसून लाज आहे. आणि त्याच लाजेपोटीं पालक मुलास जिल्हा परिषदेच्या शाळेंतून काढून इंग्रजी माध्यमांत घालतात, जेथें गणितही त्याला कळेनासें होतें.

मग करावें काय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस आणि पुढें कोसबाडास जें केलें, त्यांत याचें उत्तर आहे. पानें, बिया, खडे, शिंपले हेंच त्यांनीं शिक्षणसाहित्य मानलें. वसमतच्या हळदीस २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. त्या हळदीचा बाजार वर्गांत कां मांडूं नये? एकानें विकावें, दुसऱ्यानें घ्यावें, ‘किती?’, ‘आणखी’, ‘पिवळी’, ‘ओली’, ‘नको’ या शब्दांवांचून व्यवहार अडावा. अडल्यावर मूल शब्द मागतें, आणि मागून घेतलेला शब्द तें विसरत नाहीं. २०२२-२३ पासून पहिलीसाठीं निघालेल्या एकात्मिक द्वैभाषिक पुस्तकांत मराठी पाठाशेजारीं इंग्रजी शब्द ठेवण्याची कल्पना याच दिशेची आहे; तर्खडकरांचा गुण तींत परत येतो. मात्र ते शब्द यादीप्रमाणें नुसते वाचून घेतले, तर गुणाबरोबर त्यांचा रूक्षपणाही परत येईल.

याच जिल्ह्यांतील नरसी हें गांव नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. मराठी अभंग रचणाऱ्या या संतांचीं परभाषेंतील ६१ पदें शिखांच्या ग्रंथसाहिबांत आदरानें ठेवलीं आहेत. दुसऱ्या भाषेकडे ते गेले ते आपली सोडून नव्हे, तर जवळचें कांहीं तेथल्या लोकांस सांगावें म्हणून. पहिलीच्या मुलापाशींही सांगण्यासारखें पुष्कळ असतें. पुस्तककारांनीं आणि शिक्षकांनीं आधीं तें ऐकावें, मग त्यास इंग्रजी शब्द द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.