आडनाव नसलेला भाडेकरू

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी मी वर्गात वाचायला सांगितली होती. चर्चेच्या तासाला रबाळ्याहून येणारा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, आडनाव न सांगता त्याला खोली मिळालीच कशी?" वर्ग हसला. मला हसू आले नाही.

२००६ साली आलेल्या या कादंबरीची पुष्कळ वाखाणणी झाली, आणि ती अनाठायी नाही. पुण्यातल्या जोशी कुटुंबात एक भाडेकरू येतो. तनय त्याच्यावर प्रेम करतो, बहीण अनुजाही करते; एकाचे दुसऱ्याला ठाऊक नाही. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, काही महिन्यांनी एकटीच परतते. तो नाहीसा झालेला असतो. आधी भाऊ बोलतो, मग बहीण. एका छपराखाली माणसे एकमेकांपासून किती दडवतात, हे लेखकाने आरडाओरडा न करता दाखवले आहे. शिवाय तनयचे प्रेम त्या काळी कलम ३७७ खाली गुन्हा ठरत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते जोखड उतरवले २०१८ साली. आपण कोण आहोत हेच ज्याला लपवावे लागते त्याचे दुःख आम्हाला परके नाही. म्हणूनच माझी तक्रार आहे.

या भाडेकरूला आडनाव नाही, गणगोत नाही, मागचा इतिहास नाही. तरी जोश्यांचे दार उघडते. लेखकाला त्यातून मुक्त माणूस उभा करायचा असावा. पण आडनाव टाकून देण्याची ही चैन परवडते कोणाला? ज्याचे बोलणे-चालणे पाहून घरमालक मनातल्या मनात सोयीचे आडनाव लावून मोकळा होतो, त्याला. मराठी कादंबरीत बिननावाचा माणूस आला की वाचकही त्याला सवर्णच धरून चालतो. २०२२ च्या चित्रपटात कुंडलकरांनीच हे घर केरळात नेले. गाव बदलले, भाडेकरू बिननावाचाच राहिला.

याच्या शेजारी बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ठेवून पाहावी. १९६३ च्या या कथेतही परगावी नोकरीला गेलेला तरुण आहे, सवर्णाच्या घरातली खोली आहे आणि गुपित आहे. ते फुटते तेव्हा त्याला मरेस्तोवर मार पडतो. १९१७ साली बडोद्यात खुद्द बाबासाहेबांना पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात आले. आमच्यातला माणूस असा गूढपणे नाहीसा होत नाही. त्याला घालवतात, आणि घालवणारे कोण ते सगळ्यांना माहीत असते.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहिले. येथे पेठ नाही, आळी नाही. सेक्टर आणि प्लॉट क्रमांक. नोकरी लागल्यावर मी नेरूळला खोली पाहायला गेलो. दलालाने आधी विचारले, "पूर्ण नाव?" मी सांगितले. संध्याकाळी फोन आला की मालकांचा पुतण्या गावाहून राहायला येतो आहे. पुढे महिनाभर त्या बाल्कनीला 'भाड्याने देणे आहे' ही पाटी लटकत होती. पुतण्या वाटेत कुठे हरवला कोण जाणे.

त्या विद्यार्थ्याचा प्रश्न साहित्यबाह्य आहे, असे एक सहकारी मला म्हणाले. मला तसे वाटत नाही. माणसाच्या पूर्वायुष्याचा पत्ता लागू न देणे हा या कादंबरीचा कणा आहे, आणि तो कणा जोश्यांच्या उंबऱ्यावरच तपासायला हवा होता. तनयचे गुपित आहे, अनुजाचे आहे. ज्या घराने खोली दिली त्या घराचेही एक गुपित होते, आणि लेखकाने त्याला हात लावला नाही.